रिकाम्या फाइलची ऊब

मंगळावरच्या घुमटात कोंबडीची चाळीस अंडी आज एकोणीस दिवसांची झाली होती, आणि उबवणीच्या पेटीतला पारा मात्र खाली खाली येत होता. सदतीस अंशांवरून चौतीस. शर्वरीने संगणकाच्या पडद्यापासून हाक मारली.

"आत्या, संगणक दर मिनिटाला लिहितोय, 'शेगडी पेटव.' हुकमांची फाइल तर फुगत चाललीय. मग पेटीतली शेगडी गार का?"

घुमटाची यंत्रं सांभाळणारी कुमुदआत्या पडद्याशी आली. "फुगतेय? ती फाइल कधी फुगत नसते गं. खरं सांग, संगणकाच्या आजच्या झाडलोटीत काय काय टाकलंस?"

शर्वरी म्हणाली, "रिकाम्या फाइली. 'शेगडी' नावाच्या फाइलीत शून्य अक्षरं होती. म्हणून..."

"म्हणून पुसलीस." आत्या रागावली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. "अगं, ती उपकरण-फाइल (यंत्राकडे नेणारं दार). दारात कुणी सामान साठवतं का? तिच्यात लिहिलेलं तिथे राहत नाही, पलीकडे यंत्रापाशी पोचतं. तू दारच काढलंस. संगणकाला ते सापडेना, म्हणून त्याने त्याच नावाची साधी फाइल केली. आता सगळे हुकूम त्या डब्यात पडून आहेत."

तेहतीस.

"मग नवं दार करू या."

"करू. पण दारावर दोन आकडे लागतात. पहिला सांगतो चालक कुठला (यंत्राशी त्याच्या बोलीत बोलणारा प्रोग्राम). दुसरा सांगतो, त्या चालकाच्या हाताखालचं कितवं यंत्र. पृथ्वीवरून यादी मागवायची तर चाळीस मिनिटं जातील. मी ते आकडे कागदावर नाही, तुझ्या गळ्यात ठेवलेत. अंडी फिरवताना आपण काय म्हणतो?"

शर्वरीने डोळे मिटून ओवी म्हटली.

"बाराव्या गं घरी
तिसरी पणती
तेवते एकटी
पिल्लांसाठी."

मग हळूच, "चालक बारा. यंत्र तीन?"

"कर, बाय."

तिने साधी फाइल पुसली, नवी उपकरण-फाइल केली. बारा, तीन. आकार शून्य. पुढचा हुकूम लिहिला गेला, तरी आकार शून्यच. आणि पेटीत टक् झालं, शेगडीच्या तारा लालसर झाल्या.

तरीही दोघींची नजर पाऱ्यावरच. तेहतीस. तेहतीस. चौतीस.

पारा सदतीसला टेकला तेव्हा शर्वरीने एक अंडं कानाशी धरलं. बराच वेळ काहीच नाही. मग आतून, अगदी बारीक, एक टोच.

"पुढच्या महिन्यात आणखी एक पेटी येतेय," आत्या म्हणाली. "तिची ओवी तू बांधायचीस."

शर्वरीने अंडं अलगद जागेवर ठेवलं आणि पुटपुटू लागली, "बाराव्या गं घरी, चौथी..."