एक जूनची चौकट

मिशीची पैज लागली ती आमच्या ओट्यावर, रायवळ आंब्याच्या कोयी चोखता चोखता.

महाड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याने तेव्हा, दोन हजार सहा साली, तयार पोर्टल विकत घेतलं होतं. कॉम्प्युटर लावला की पडद्यावर आयत्या चौकटी: हजेरी, कँटीन, नोटिसा, वाढदिवस. वाढदिवसाच्या चौकटीत फोटोसकट एकच माणूस मावायचा. बनवणाऱ्यांना काय ठाऊक, आमच्याकडे अर्ध्या प्लांटचा वाढदिवस एक जूनला! शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना तीच तारीख चिकटवलेली. मला, शेजारच्या धम्मपालला, पलीकडच्या सोमालाही.

साहेबांनी मला आणि धम्मपालला सांगितलं, चौकटी आपल्याजोग्या करून घ्या, आणि कुठलं टूल वापरायचं ते एकदाच काय ते ठरवा.

"पोर्टलबरोबर आलेलं साधं टूल बास," मी म्हणालो. "चौकटीत किती माणसं, तो आकडा बदलायचा, सेव्ह करायचं. उद्या नवीन व्हर्जन आलं तरी मोडायचं नाही."

"गंगाधरभाऊ, त्याने नुसती रंगरंगोटी होते," धम्मपाल म्हणाला. "चौकट आतून उघडायची तर प्रोग्रामिंगचंच टूल पाहिजे."

सोमा ड्रायरवर हेल्पर. कॉम्प्युटरला त्याने कधी बोट लावलेलं नाही. कोय अंगणात भिरकावत म्हणाला, "दोगंबी हरनार. एक जूनला मी एकटाच दिसनार हाय, बगा."

"हरेल त्याची मिशी," मी म्हणालो. "गेटवर, शिफ्ट सुटताना, सगळ्यांसमोर."

सोमाने स्वतःच्या मिशीला पीळ दिला. पलीकडून त्याची आई येसूमावशी ओरडली, "मेल्यांनो, दुसरा धंदा नाय काय रे?"

पंधरवड्यात सोमा गेला. वरंधला लग्नाला गेला होता. येताना टेंपो घाटात उलटला.

मी लोकांच्या चपला अदलाबदल करून मजा बघणारा माणूस. त्यानंतर काही सुचेना. रडू नाही, हसू नाही. चहा गरम आहे की गार, तेही कळेना. येसूमावशी आमच्याच ऑफिसात झाडलोट करायची. आठवड्याने कामावर आली. धम्मपालने सोमाचं नाव पोर्टलमधून काढलं. काढताना मी बाजूलाच उभा होतो.

एक जूनला सकाळी गेटवरच्या मोठ्या पडद्यावर वाढदिवसाच्या चौकटीत सोमा होता. एकटाच. ओळखपत्रावरचा फोटो, तोंड घट्ट मिटलेलं.

"ही तुझी मस्करी?" मी धम्मपालला विचारलं.

"मला वाटलं तुमची."

येसूमावशी दुपारी यायची. तिने हे बघू नये, एवढं एकच डोक्यात होतं. पडदा बंद करायची सोय नव्हती, सगळ्यांची हजेरी त्यावरच लागायची.

ऑफिसात जाऊन मी साधं टूल उघडलं. आकडा बरोबर होता, काल तपासून बघताना याच आकड्यावर सगळे दिसले होते. पुन्हा सेव्ह केलं. सोमा. मग 'चौकट लपवा'वर टिक केली. हजेरी सरकली, कँटीन सरकलं. सोमा जागचा हलला नाही.

धम्मपालने त्याचं टूल उघडलं. चौकटीचा प्रोग्राम ओळ न ओळ पुसला आणि कोरी चौकट चढवली.

"भाऊ, आत आता काहीच नाही."

पडद्यावर सोमा होता. फक्त तोंड आता मिटलेलं नव्हतं. एका कोपऱ्यातून दात दिसत होते.

दुपार कधी झाली कळलं नाही. मागे झाडूचा आवाज थांबला.

येसूमावशी ओरडली नाही. पुढे आली, पदराने कॉम्प्युटरच्या पडद्यावरची धूळ पुसली.

"पैज कोन हरला?"

आम्ही दोघांनी आपापल्या मिशीला हात लावला.

"मंग फेडा की. किती येळ ताटकळत ठेवाल त्याला?"

शिफ्ट सुटली. नाक्यावर रावजी न्हाव्याने नुकतीच टपरी टाकली होती. माणूस पोलादपूरचा, सोमाला त्याने कधी बघितलेलं नव्हतं. त्याला बोलावून गेटसमोर दोन स्टुलं मांडली. येसूमावशीने वॉचमनच्या केबिनमधून तिसरं आणलं, आमच्या शेजारी ठेवलं आणि बाजूला उभी राहिली.

"गंगाधर, तोंड दाखवशील काय घरी?" बसमधून कोणीतरी ओरडलं. दोन-चार शिट्ट्या झाल्या. मग लोकांचं पडद्याकडे लक्ष गेलं. मोटारसायकली एकेक करून बंद झाल्या.

वस्तरा ओठावर गार लागला. कितीतरी दिवसांनी काहीतरी लागलं.

माझी मिशी गेली. धम्मपालची गेली.

मी वर बघितलं. चौकट कोरी होती.

रावजीने ब्रश पुन्हा साबणात घोळवला आणि तिसऱ्या स्टुलाकडे वळला. जरा वाकला. ऐकल्यासारखी मान हलवली.

"अस्सं! तुम्ही जिंकलात होय," तो म्हणाला आणि ब्रश धुऊन ठेवला.