अकरा मिनिटं मागे

"तो पाय इकडे टाकलात तर मी तुम्हाला आत सोडणार नाही."

तो एका पायावर तसाच थांबला. औषधाच्या कारखान्यातली ती कपडे बदलायची खोली. मधोमध गुडघ्याएवढं स्टीलचं बाकडं. अलीकडे बाहेरची धूळ, पलीकडे स्वच्छ भाग. बाकड्यावर बसायचं, बुटावर आवरण चढवायचं आणि मगच तो पाय पलीकडे टेकवायचा. या पठ्ठ्याने आवरणाशिवायच पाय उचलला होता.

"मग हा ठेवू कुठे?" त्याने अगदी नम्रपणे विचारलं.

"जिथून उचललात तिथे."

"मॅडम, तुम्ही इथल्या दारावर असता का?"

"प्रयोगशाळेत असते. केमिस्ट आहे. आणि तुम्ही?"

"सॉफ्टवेअरवाला. तुमच्या सगळ्या वह्या कपाटातून काढून कॉम्प्युटरवर चढवायला आलोय. साहेबांनी बोलावलंय… पण तुमच्या डोळ्यांवरून दिसतंय, त्यांनी तुम्हाला विचारलं नव्हतं."

तिला हसू आलं. मास्क होता म्हणून ते कोणाला दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणजे धरायचं नाही, असं तिने ठरवलं.

संशय हा तिचा स्वभाव होता आणि पगारही तिला त्याचाच मिळायचा. ती राहायची मावशीकडे. मावशी म्हणायची, "दुधाच्या पिशवीवरची तारीख तू तीनदा वाचतेस. तुझ्याशी लग्न करणाऱ्याने आधी प्रमाणपत्र आणायला हवं."

नवं सॉफ्टवेअर मात्र तिच्याहून संशयी निघालं. कोणतीही नोंद उघडायची तर ते आधी कारण विचारायचं. रिकामं सोडलं तर पुढे जाऊच द्यायचं नाही. कोणी, कधी, कशासाठी काय उघडलं याची यादी आपोआप व्हायची आणि ती कोणालाच पुसता यायची नाही.

दोन आठवड्यांनी तिने ती यादी सहज बघितली आणि तिचा हात माउसवर थबकला. तिच्या नोंदी त्याने सव्वीस वेळा उघडल्या होत्या. फक्त तिच्या. कारण दर वेळी एकच – पडताळणी.

शिवाय रोज साडेदहाला तो प्रयोगशाळेच्या काचेपलीकडे यायचा, तिच्याकडे बघायचा, वहीत काहीतरी टिपायचा आणि निघून जायचा.

"आवडली असशील त्याला," मावशी म्हणाली.

"आवडलेल्या माणसाचं कोणी टिपण काढतं का गं?"

"तू काढशील."

बुधवारी उत्तर मिळालं. गुणवत्ता विभागाच्या साहेबांनी तिला बोलावून एक कागद पुढे सरकवला. गेल्या सहा महिन्यांतल्या तिच्या एकेचाळीस नोंदी. प्रत्येकीत नमुना प्रयोगशाळेच्या खिडकीवर जमा झाल्याची कॉम्प्युटरने छापलेली वेळ नंतरची आणि तिने चाचणी सुरू केल्याची वेळ आधीची!

"नमुना यायच्या आत चाचणी? याचा अर्थ बाहेर काय लावतील, कळतंय ना? न तपासताच आकडे लिहिले," साहेब हळू आवाजात म्हणाले. "शुक्रवारी दुपारपर्यंत खुलासा द्या. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

तो कॅन्टीनच्या जिन्यात भेटला.

"त्या एकेचाळीस नोंदींची यादी तुम्ही दिलीत?"

"सगळ्या वह्या चढवून झाल्या की सॉफ्टवेअर स्वतःच देतं. पण मला थांबवता आली असती." मग तो म्हणाला, "मी थांबवली नाही."

"सगळ्या चाव्या तुमच्याकडे. चार आकडे इकडचे तिकडे करायला कितीसा वेळ लागला असता?" असं बोलताना ती त्याच्या डोळ्यांकडे बारकाईने बघत होती.

"दहा मिनिटं. मग तुम्ही परत माझ्याशी बोलला असता?"

तिने मनात पडताळून पाहिलं. नसतीच बोलली.

"आणि रोज माझ्याकडे टक लावून काय बघता?"

"तुमच्याकडे नाही… म्हणजे… तुमच्या डोक्याच्या जरा वर."

"माझ्या डोक्यावर काय शिंगं आहेत?"

"ते तुम्ही शोधा. मी बाहेरचा माणूस. मी तुमची बाजू मांडायला गेलो, तर लोक आधी विचारतील, याला एवढा पुळका का." एवढं बोलून तो खाली उतरला. त्याचे कान लाल झाले होते. तिने तेही टिपून ठेवलं – संशयास्पद म्हणून.

ती आपल्या जागेवर येऊन उभी राहिली आणि तिने मान वर केली.

भिंतीवरचं घड्याळ.

आत मनगटी घड्याळ, मोबाईल काहीच चालत नसे. वहीत वेळ लिहायची ती या घड्याळात बघून. प्रयोगशाळेतल्या तराजूवर, थर्मामीटरवर, अगदी पिपेटवरही तपासणीचं लेबल होतं. घड्याळावर काही नव्हतं. त्याला तपासायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने कॉम्प्युटरशी वेळ ताडून पाहिली. घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं.

पण आज मागे आहे म्हणून सहा महिन्यांपूर्वीही होतं, हे कशावरून? मग तिला वहीत चिकटवलेल्या, तराजूने वजनासह छापून दिलेल्या चिठ्ठ्या आठवल्या. प्रत्येक चिठ्ठीवर छापील वेळ होती. शेजारी तिच्या हातची. गुरुवारचा अख्खा दिवस ती दोन्हींतला फरक मांडत बसली. एक मिनिट, तीन, पाच, आठ… आलेखावर ठिपके एका सरळ रेषेत चढत गेले. घड्याळ दर महिन्याला जवळजवळ दोन मिनिटं मागे पडत होतं.

शुक्रवारी साहेबांनी आलेख तीनदा बघितला.

"पटलं. पण घड्याळ सगळ्यांचंच आहे. मग बाकीच्यांच्या नोंदी का नाही अडकल्या?"

तिला उत्तर ठाऊक होतं. सांगितलं तर सोबतच्यांची चुगली होणार होती. तिने ओठ आवळले.

"मी सांगू?" कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला तो म्हणाला. "बाकीच्यांकडे नमुना आल्यापासून चाचणी सुरू व्हायला पाऊण तास जातो. त्यात अकरा मिनिटं कुठेच बुडून जातात. या मॅडम चार मिनिटांत कामाला लागतात. घाई करतात म्हणून नाही, नमुना ताटकळत ठेवत नाहीत म्हणून सापडल्या."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुम्ही हे बरंच बारकाईने बघितलेलं दिसतंय."

त्याचे कान पुन्हा लाल.

दोष घड्याळाच्या नावावर नोंदला गेला. ती वाचली. संध्याकाळी मावशीला सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पण त्याने हे का केलं असेल? काहीतरी हवं असणार त्याला."

"असणारच," मावशी म्हणाली आणि उगाच हसत राहिली.

सोमवारी भिंतीवर घड्याळाच्या जागी फिकट गोल उरला होता. साडेदहाला तो काचेपलीकडे आला. थांबला. त्याने बघितलं.

ती तडक बाहेर आली.

"घड्याळ दुरुस्तीला गेलंय."

"माहितेय. फॉर्म मीच भरला."

"मग आता काय बघताय?"

त्याने हातातली वही मिटली.

"तुमचं सॉफ्टवेअर कारणाशिवाय पुढे जाऊ देत नाही. मीही नाही देणार. कारण?"

"…पडताळणी."

"ते सव्वीस वेळा लिहून झालंय. दुसरं सांगा."

त्याने श्वास घेतला. "घड्याळ किती मागे आहे ते कळायला दोन दिवस पुरतात. मी या काचेशी किती दिवस येतोय?"

"एकोणीस," ती पटकन म्हणाली आणि जीभ चावली.

"मोजलेत?"

"…सवय आहे."

"मग उरलेल्या सतरा दिवसांचं कारण तुम्हाला कळायला हवं, मॅडम."

वरच्या झडपेतून थंड हवा सू… करत येत होती. तरी तिचे गाल तापले होते.

"हे खरं कशावरून?"

"तपासा ना."

"तपासेन. पण मला वेळ लागतो. मी पटकन सही करत नाही."

"किती वेळ?"

तिने सवयीने भिंतीकडे बघितलं. नुसता गोल.

"इथे कळायचं नाही. बाहेर चला, चहा घेऊ."

बाकड्यावर दोघं शेजारी बसले. त्याने शिस्तीत एका बुटावरचं आवरण काढलं, तो पाय बाहेरच्या बाजूला ठेवला, मग दुसरं काढलं. ती त्याच्याकडे बघत होती… आणि बघता बघता तिने आवरणासकट पाय सरळ धुळीच्या बाजूला टाकला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "पाय."