जागीच थांबलेला स्ट्रायकर

काळाचौकीच्या मंडळात कालिंदीने चहा आणला. खाजगी गुप्तहेर कमलाकांत धुरंधरांना कपबशी. त्यांची पिशवी वाहणाऱ्या शामरावांना अर्धा पेला. शामरावांनी मनात नोंद केली. अशा नोंदी त्यांच्याकडे बऱ्याच होत्या.

“माझे यजमान लबाडी करायचे नाहीत,” कालिंदी म्हणाली. “त्यांचा स्ट्रायकर शिंगाचा, सोंगटीइतकाच हलका.”

काल तिच्या नवऱ्याने, हेरंबने, कॅरमची अंतिम लढत जिंकली आणि त्याच्या खिशातून शिसं भरलेला स्ट्रायकर निघाला. आज संध्याकाळी मंडळ त्याला कायमचं काढणार होतं.

भिंतीवरच्या ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’खाली हरलेला चंदू बसला होता, वरळी कोळीवाड्याचा.

“शेवटचा फटका सांग,” धुरंधर म्हणाले.

“हेरंबने सरळ मारली. शेवटची सोंगटी भोकात, स्ट्रायकर जागीच उभा, खिळा ठोकल्यागत. सगळ्यांनी बघितलं. माझं डोकं फिरलं, निघून गेलो. इथली रीत हाय, हरणाऱ्याने स्ट्रायकर उचलून जिंकणाऱ्याच्या खिशात घालायचा. माझ्याबदली महादेवने घातला.”

“रीत मोडून पळाला. चोर हाच,” शामराव कुजबुजले.

“चहा घ्या, निवतोय,” धुरंधर त्यांना म्हणाले.

महादेव हेरंबचा डबल्समधला जुना जोडीदार. “बोर्डावरून उचलला, थेट खिशात घातला. हाताला जड लागला, साहेब. मित्र झाला म्हणून गप्प कसं बसायचं?”

“मध्ये दुसऱ्या कोणाच्या हातात?”

“कोणाच्याच नाही.”

धुरंधरांनी सोंगटी कालच्या जागी मांडली आणि शिशाचा स्ट्रायकर चंदूला दिला. चंदूने सरळ मारली. सोंगटी भोकात गेली, मागोमाग स्ट्रायकरही. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

“धडकेत संवेग बुडत नाही,” धुरंधर म्हणाले, “एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जातो. वजनं सारखी असली, तर समोरून सरळ धडकणारा सगळा देऊन जागीच थांबतो. जड असला, तर थोडा स्वतःकडे ठेवतो आणि मागून धावतो. काल थांबला तो हलका स्ट्रायकर. खिशात निघाला तो जड. मध्ये हात एकच, महादेव, आणि तो तुझा. तूच सांगितलंस.”

महादेवने सदऱ्यातून शिंगाचा स्ट्रायकर काढून बोर्डावर ठेवला.

“जोडी आमची, नाव त्याचं एकट्याचं,” तो म्हणाला. “बोर्डाला बोरिक पावडर लावायला तेवढा मी.”

धुरंधर दाराशी पोचले होते.

“शामराव, पिशवी.”

शामरावांनी पिशवी उचलली. महादेव त्यांच्याकडेच बघत होता. शामरावांनी नजर चुकवली.