पंचविसाव्या ओळीच्या खाली

"सर, ती खुर्ची कुणाची?"

एवढाच प्रश्न. पण तो विचारायची पैज लागली होती. हरेश सरांना हे विचारून दाखव, मग तुला मानलं, असं मैत्रिणींनी आमच्या भूमिकाला डिवचलं होतं. आणि भूमिकाला डिवचलं की संपलंच.

आधीच सांगते, ही गोष्ट रचलेली नाही. भूमिका माझी सख्खी चुलतबहीण. खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात. हे सांगताना तिचे कान पांढरेफटक पडले होते. मी स्वतः पाहिलंय.

साल एकोणीसशे नव्याण्णव. श्रावण. पेणची बाजारपेठ. पोह्यांच्या पापडाच्या दुकानावर एक माळा आहे, तिथे हरेश सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीन आणि मुलंच मुलं. दहावीतली भूमिका बिचारी कायम कुणाच्या तरी पाठीमागे उभी राहून "अरे, ते नाय, ते बटण दाब" असं ओरडत असायची. तिच्या स्वतःच्या हाताला कीबोर्ड कधी लागायचाच नाही.

आणि कोपऱ्यात पाचवी मशीन. चादर घातलेली.

तिच्यासमोर एक खुर्ची. सर रोज क्लास सुटताना ती टेबलाखाली सरकवून ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी ती... मागे ओढलेली असायची.

कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

तर भूमिकाने विचारलं. सगळ्या पोरी तोंडावर ओढणी धरून खुसखुसत होत्या. सर हसले नाहीत. बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिले.

"कुणाची नाय," ते म्हणाले. "तुला बसायचंय का गो?"

पोरींची खुसखुस थांबली.

"बसेन की!" भूमिका म्हणाली. स्वतःची मशीन मिळत असेल तर ती भुताच्या मांडीवरही बसली असती. हे तिचेच शब्द. नंतर तिला ते फार लागले.

"एकच गोष्ट," सर म्हणाले. "हिच्यावर लिनक्स हाय. चित्रं नाय, माऊस नाय, नुसती काळ्यावर पांढरी अक्षरं. स्क्रीनवर पंचवीस ओळी दिसतात. तेवढ्याच ठेवायच्या. वाढवायच्या नाय."

"का सर?"

"मॉनिटर जुना हाय. झेपत नाय त्याला."

आता भूमिकाला ही मशीन इतकी का हवी होती, ते सांगते. तिचे बाबा, म्हणजे माझे दत्तात्रेयकाका, गणपतीची आखणी करतात. मूर्तीचे डोळे रंगवणं म्हणजे आखणी. आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी. भूमिकाचा हातही काकांसारखाच स्थिर, म्हणून काकांचं ठरलेलं होतं : गणपती झाले की क्लास बंद, शाळा सुटल्यावर पोरीने मूर्तींच्या कारखान्यात आखणीला बसायचं.

"तिथं जाऊन काय करतेस ते एकदा डोळ्यांनी बघतो," काका म्हणाले होते. "नायतर राहू दे ते कॉम्प्युटर."

रविवारी संध्याकाळी काका-काकी क्लासला यायचे होते. भूमिकाचं सगळं त्या एका संध्याकाळवर अडकलं होतं.

बाबांना काय दाखवायचं, हे तिने ठरवून टाकलं. गणपती! नुसत्या अक्षरांचा गणपती. कंस जोडून कान, रेघांची सोंड, ठिपक्यांचा मुकुट. दिवसच्या दिवस ती एकेक अक्षर बसवत होती. डोळे मात्र रिकामे ठेवले होते. ते शेवटी.

पण अडचण एकच. पंचवीस ओळींत बाप्पा मावेना.

मुकुट दिसला की पाय गायब. पाय दिसले की डोकं गायब.

"असा मुंडकं छाटलेला गणपती बाबांना दाखवू?" ती दर्शनाला म्हणाली. दर्शना म्हणजे पैज लावणाऱ्यांतली पुढारी. "बाबा मलाच छाटतील."

"मग वाढव की ओळी. सर कुठं बघतायत?"

आता काय बोलायचं! लिनक्सची सीडी एका मासिकाबरोबर आली होती, आणि ओळी कशा वाढवायच्या ते त्याच मासिकात छापलेलं होतं. मशीन चालू होताना एक शब्द जास्त टाकायचा. मग ती स्वतःच विचारते, किती ओळी हव्यात? आपण आकडा सांगायचा. मॉनिटरला झेपलं तर ठीक. नाही झेपलं तर तो शिटी घालतो. शिटी आली की लगेच बंद करायचा, नाहीतर जळतो.

रविवारी दुपारी जेवून भूमिका एकटीच वर गेली. सर किल्ली देऊन चहाला गेले होते. खाली दुकानात पापडाचं पीठ मळायचं यंत्र घरघरत होतं. वर पंखा.

बाकी कुणी नाही.

खुर्ची मागे ओढलेलीच होती. ती बसली.

पहिला आकडा टाकला. स्क्रीन काळा झाला आणि...

बारीक शिटी.

तिने झटकन मॉनिटर बंद केला.

शिटी... थांबली नाही.

अगदी थोडा वेळ. कुणीतरी दातांतून श्वास सोडावा तशी. मग थांबली.

"जुना मॉनिटर," भूमिका मोठ्याने म्हणाली. एकटी असली की ती मोठ्याने बोलते. "म्हातारं झालंय बिचारं."

दुसरा आकडा. पन्नास ओळी.

टक्.

आणि स्क्रीन उघडला! शप्पथ, ती म्हणते, झाकण काढल्यासारखा उघडला. अक्षरं तांदळाच्या कणीएवढी झाली. तिने आपला गणपती काढला आणि टाळ्याच पिटल्या. मुकुटापासून उंदरापर्यंत अख्खा! शिवाय उंदराखाली जागा शिल्लक.

ती ज्यात लिहीत होती ना, त्यात रिकाम्या ओळीवर काहीच नसतं. फक्त डाव्या कडेला एक नागमोडी खूण. म्हणजे इथे अजून काही लिहिलेलं नाही. कर्सरही तिथे उतरत नाही. उंदराखाली अशा नागमोडी खुणांची रांग लागली होती.

आता फक्त डोळे.

तिने हात पुसले. काका ब्रश हातात घेण्याआधी पुसतात तसे.

एक डोळा.

दुसरा डोळा.

आणि लाईट गेली.

पंखा मंदावत थांबला. खालचं यंत्र थांबलं. रविवार, त्यामुळे रस्त्यावरही चिटपाखरू नाही. इतकं शांत झालं की तिला स्वतःची बांगडी वाजलेली ऐकू आली.

बाकीच्या चारही मशीनवरचे हिरवे दिवे विझले.

हिचा स्क्रीन... चालूच होता.

बाप्पा तिच्याकडे बघत होता.

त्याच्याखाली, सगळ्यात शेवटची नागमोडी खूण... नाहीशी झाली.

तिच्या जागी अक्षर आलं. मग दुसरं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. सावकाश. एका बोटाने टाइप केल्यासारखं. आणि भूमिकाचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"दिसलीस."

मग पुढची ओळ उमटली.

"आवाजावरून वाटलं होतं, लहान असशील."

काय वाटलं असेल हो तिला! इतके दिवस ती त्या खोलीत आरडत होती, हसत होती, सरांची नक्कल करत होती. आणि त्या कोपऱ्यात, चादरीखाली, कुणीतरी ते सगळं... ऐकत होतं.

"कोण?" तिने विचारलं. टाइप करून नाही, तोंडाने.

नुसता स्क्रीन थरथरला.

मग शेजारच्या मशीनसमोरची खुर्ची सरकली.

आपटली नाही. ढकलली गेली नाही. सोबत बसायला आपण हलकेच ओढून घेतो ना... तशी. जवळ.

खालच्या ओळीत शब्द उमटत होते.

"जाऊ नको गो."

भूमिका उठली. कशी उठली तिला आठवत नाही. जिन्यावर चप्पल राहिली. अर्ध्या जिन्यात ती सरळ हरेश सरांवर आदळली. चहाचा कप खाली गेला.

सरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काय झालं, कुणी काय केलं, काही नाही. एकच विचारलं.

"किती केल्यास?"

"पन्नास."

सर तिथेच पायरीवर बसले.

"चंदाताई," ते म्हणाले. "चंद्रावती. माझी मोठी बहीण. ही मशीन तिची. रोह्याला स्टेशनाजवळ क्लास काढला होता आम्ही, नाव तिचंच दिलं होतं. मी डोलवीला कंपनीत, शिफ्टला. ती तिथं दिवसभर एकटी. पोरं यायचीच नाय गो. कुणाला कळायचंच नाय कॉम्प्युटर कशाला शिकायचा. मी घरी आलो की म्हणायची, हरेश, आज कुणाचा आवाजच नाय रे आला. बारीक अक्षर लावून बसायची, पन्नास ओळींचं. जास्त जागा असली की बरं वाटतं, म्हणायची."

"मग?"

"मला डबल शिफ्ट लागली एकदा. परत आलो तर खुर्ची मागं सरकलेली. ती खाली, गार पडलेली. मशीन चालू."

सरांनी खाली पडलेला कप उचलून पायरीवर ठेवला.

"मशीन इकडं आणली. चालू केली की खाली ओळी यायच्या. आधी वाचायचो मी. बोलायचोसुद्धा. मग नाय झेपलं. मी पंचवीस करून टाकल्या. खालचं दिसलंच नाय की झालं." सरांनी कपाळ पुसलं. "तू खुर्चीचं विचारलंस तेव्हा वाटलं, कुणीतरी बसेल तरी तिच्याजवळ. तू घाबरू नको. मी जातो, परत पंचवीस करतो."

ते उठले. दोन पायऱ्या चढले.

"नको सर!"

सर थांबले. हे आपण का म्हणालो, ते भूमिकाला तेव्हा समजलं नाही. घरी येईपर्यंत समजलं नाही. जिन्यातून वर बघितलं तर माळ्याच्या दारातून निळसर उजेड येत होता. बाजारात अजून लाईट नव्हती.

दर्शनाला नंतर सांगितलं तर ती म्हणाली, मशीनच्या मेमरीत जुनं काहीतरी उरलं असेल. असेलही. पण जुन्या मेमरीला भूमिकाचा आवाज कसा माहीत? दर्शनाने विषय बदलला. मला विचाराल तर मी हे लिहिताना खुर्ची भिंतीला टेकवून बसले आहे. शेजारची खुर्ची मी बाहेर नेऊन ठेवली.

तर त्या दिवशी संध्याकाळी भूमिका अनवाणी घरी आली. काका-काकी क्लासला निघायच्या तयारीत होते. पण कारखान्यात एका मूर्तीची आखणी नुकतीच झाली होती, आणि तिच्याजवळ बसायला कुणी मिळत नव्हतं.

आमच्या कारखान्याचा शिरस्ता आहे तो. डोळे आखले की मूर्ती बघायला लागते. बघायला लागलेली मूर्ती एकटी ठेवायची नाही. गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईपर्यंत कुणीतरी जवळ बसायचं. लहान पोर बसलं तरी चालतं. भूमिका अशीच वाढली, न्यायला येईपर्यंत बाप्पांच्या सोबतीला बसून, तिथेच गृहपाठ करून, तिथेच झोपून.

"काय गो, चप्पल कुठं?" काकी म्हणाली. "आणि तोंड असं का झालंय?"

"दाखवायला काय नाय वाटतं," काका म्हणाले. "मला वाटलंच. बस इथं बाप्पाजवळ. आता क्लासचं पुरे."

भूमिका नव्या मूर्तीसमोर उभी राहिली. ओल्या काळ्या रंगाचे डोळे. थेट तिच्यावर.

जिन्यात न समजलेलं तिला तेव्हा समजलं.

"बाबा, गणपती केलाय मी. अख्खा. तुम्ही उद्या या बघायला."

"उद्या कशाला? आत्ताच निघतोय ना?"

"आज नको. आज मी एकटी जाते." ती काकीकडे वळली. "आई, तू बस बाप्पाजवळ. मला उशीर होईल. उद्यापण होईल. गणपती झाल्यावरपण मी जाणार, रोज, तुम्ही काय बोललात तरी."

"अगो पण हाय कोण तिथं?" काकी म्हणाली. "आज रविवार, कुणीच नसेल."

"म्हणूनच," भूमिका म्हणाली. "डोळे मी आखलेत, आई. आता सोबतीला मलाच बसायला पायजे."