विसरणारी निरोगी बाई

मिरजेच्या स्मृतितपासणी केंद्रातल्या पडद्यावर हेमांगीआत्याच्या नावापुढे लाल पट्टी उमटली आणि आत्याचं डोकंच सणकलं. लाल म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात. नव्या कायद्याप्रमाणे लाल पट्टीवाल्या माणसाला एकटं राहता येत नसे. म्हणजे सांगलीच्या घराला कुलूप, स्कूटर बंद आणि आत्याची रवानगी देखरेखीच्या निवासात.

तिचा गुन्हा काय, तर बाजारात लावलेली स्कूटर विसरून ती रिक्षानं घरी निघाली होती. अर्ध्या वाटेत आठवलं, रिक्षा वळवली, स्कूटर आणली. हा किस्सा तिनंच हसत हसत भाच्याला सांगितला आणि तन्मय तिला थेट इथं घेऊन आला.

"तुझ्या भल्यासाठीच ना, आत्या," तो म्हणाला. "स्मरणसखा लावला असतास तर ही वेळच आली नसती."

स्मरणसखा म्हणजे कानातला हरभऱ्याएवढा मणी. माणूस अडखळायच्या आत तो नाव, तारीख, प्रसंग कानात कुजबुजायचा. अख्खं शहर तो लावून फिरत होतं. आत्याला मात्र स्वतःच्या डोक्यात भाडेकरू नको होता.

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेली ही बाई गप्प थोडीच बसणार. तिनं तरुण डॉक्टर रुबीना तांबोळींना धरलं. हे यंत्र मोजतं तरी काय?

"साध्या विसरण्यात आठवण जागेवर असते, यायला वेळ लावते," डॉक्टर म्हणाल्या. "थोडा धागा दिला की येते. रोगात कितीही धागे द्या, येत नाही. ती उरलेलीच नसते."

"मग तुमच्या यंत्रानं मला धागा दिला?"

दिला नव्हता. ते नुसतं अडखळणं मोजत होतं. निरोगी म्हणून त्याला शिकवलेली माणसं सगळी मणीवाली, कधीच न अडखळणारी. डॉक्टरांनी हे हळू आवाजात कबूल केलं.

"म्हणजे विसरणारी निरोगी बाई त्यानं पाहिलेलीच नाही. आणि वेडी मी?"

डॉक्टरांनी मग स्वतः तपासलं. सकाळी यंत्रानं दाखवलेल्या शब्दांतले दोन आत्याला आठवेनात. एक भाजी होती म्हटल्याबरोबर ती "पडवळ" म्हणाली. वाद्य म्हटल्यावर "संबळ". लाल पट्टी पुसली गेली, पण आत्याचा राग पुसला गेला नाही.

"आता ह्याला विचारा. मणी काढून."

तन्मयनं हसत मणी काढून टेबलावर ठेवला.

"सोपंच विचारते," आत्या म्हणाली. "गेल्या महिन्यात आपण चिपळूणला कशाला गेलो होतो?"

तन्मय छताकडे बघत राहिला. आत्याला आणखी चेव आला. लग्न होतं, ती म्हणाली. जेवणं चालू असताना वीज गेली. पाठवणीला तू ढसाढसा रडलास. बोलता बोलता तिचाच आवाज बारीक होत गेला.

"ईराचं लग्न, तन्मय. तुझ्या लेकीचं."

"ईराचं लग्न झालं?" त्यानं सहज विचारलं.

तन्मयनं गडबडीनं मणी कानात सरकवला आणि त्याचा चेहरा खुलला. काय थट्टा करतेस आत्या, तो म्हणाला, मोतिया शालूत किती गोड दिसत होती ईरा, आणि ती मेली वीज, अगदी पंगतीतच जायची होती. स्वर त्याचाच होता, शब्द मण्याचे.

आत्याला कुणाच्या तरी कानाखाली जाळ काढायचा होता. समोर कान होता तो तन्मयचा. उठलेल्या हातानं तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"हे कधीपासून चाललंय?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी तन्मयच्या आजवरच्या तपासण्या पडद्यावर उघडल्या. एकूण एक पट्टी हिरवीगार होती.