उरलेली चार बोटं

कुणी मला खोटारडा म्हणा, हवी ती शपथ घाला, मी हेच सांगेन. हे घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत.

सोळाशे दोन साल. ऑगस्टमधला रविवार, भर दुपार. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या वरच्या डोंगरातलं आमचं गाव, चर्चसमोरचा बाक.

माझा मोठा भाऊ बियाजो जूनमध्ये दूर मारेम्माच्या दलदलीच्या मुलखात गहू कापायला गेला होता. बरोबरचे सगळे परतले. तो नाही. "तापानं मागे राहिलाय, येईल," एवढाच निरोप. आई रोज रस्त्याकडे डोळे लावून बसायची.

त्या दुपारी मी आणि माझा दोस्त ताद्देओ बाकाच्या दोन टोकांना बसून मोर्रा खेळत होतो. दोघांनी एकदम बोटं पुढे करायची अन् त्याच क्षणी अंदाजानं बेरीज ओरडायची. समोर शहरातून आलेला एक चित्रकार आम्हाला कागदावर उतरवत होता.

मी तीन बोटं काढली. ताद्देओनं दोन.

"सात!" मी.

"सहा!" ताद्देओ.

आणि...

"नऊ!"

घोगरा आवाज. अगदी आमच्या मधून.

"नऊ? खेचराकडं गणित शिकलास का रे?" ताद्देओ मला हसला.

"मी नाही ओरडलो."

त्याचं हसू विरलं. चौकात चौथं माणूस नव्हतं. झाडावरच्या किड्यांची किरकिरसुद्धा थांबली होती...

चित्रकार मान वर न करता म्हणाला, "बरोबर आहे की. तीन, दोन आणि ह्यांची चार. डाव ह्यांचा."

"ह्यांची म्हणजे कुणाची?"

त्यानं कागद फिरवला.

कागदावर तीन हात होते. तिसऱ्याला करंगळी नव्हती.

बियाजोची करंगळी लहानपणीच विळ्यानं गेली होती. खेळात तो कायम चारच बोटं काढायचा, त्यावरून आम्ही त्याला छळायचो. या परक्या माणसाला हे कोण सांगणार?

आई केव्हा मागे येऊन उभी राहिली, कळलंच नाही. ती त्या हाताकडे बघत होती.

"चेहरा का नाही काढलास, बाबा?"

"मान खालीच आहे त्यांची, माई. थंडीनं कुडकुडताहेत. एवढ्या उन्हात..."

"आई, घरी चल," मी म्हणालो. ऐकतेय कुठली! तिनं खांद्यावरची शाल काढली.

"आलास ना? बस झालं. किती गारठलास रे," म्हणत तिनं ती आमच्या मधल्या रिकाम्या जागेवर पांघरली.

शाल बाकावर पडायला हवी होती...

ती वरच राहिली. आणि थरथरू लागली.

मारेम्माहून अजून काही कळलेलं नाही. आई म्हणते, कळायचं काय त्यात, तो घरीच आहे. ती त्याच्याशी तासन् तास बोलते.

मला लाज वाटते, पण त्या दुपारी सख्ख्या भावाला एक हाक मारायचं धाडस मला झालं नाही. अजूनही होत नाही.