सौजन्यदीप

चाकणच्या प्रयोगशाळेतले अंधारगृह नावाला जागणारे होते. दोनशे मीटर लांब बोगदा, भिंतींना काळा रंग आणि भर दुपारीही आत अमावस्या. एका टोकाला गाडी उभी होती आणि दुसऱ्या टोकाला शर्ट-पँट घातलेला, आतून माणसाइतका उबदार ठेवलेला एक पुतळा. त्याला सगळे नानासाहेब म्हणत. इतका मान त्या प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाला मिळत नव्हता. गाडीत ऋजुता पाठारेच्या शेजारी नेत्रतज्ज्ञ डॉ. नलिनी सबनीस बसल्या होत्या. नव्या दिव्यांची तपासणी करायला सरकारी समितीने त्यांना पाठवले होते, आणि समितीवरची माणसे येतात तशाच त्या आल्या होत्या, आपल्याला काही पटणार नाही हे घरूनच ठरवून.

ऋजुताने दिवे लावले. बोगदा लख्ख उजळला, नानासाहेबांच्या शर्टाची बटणेसुद्धा दिसू लागली. मग तिने एक कळ दाबली. नानासाहेबांचा उजवा हात वर झाला, उघडा पंजा चेहऱ्यासमोर आला आणि नानासाहेब नाहीसे झाले. आजूबाजूच्या भिंती तशाच उजळलेल्या होत्या. मधे माणसाच्या आकाराची काळोखाची एक खिडकी तेवढी उरली.

"कुठे गेला?" डॉ. सबनीसांनी विचारले.

"तिथंच आहे, मॅडम. त्याचे डोळे दिपू नयेत म्हणून आपण त्याच्यावरचा उजेड काढून घेतलाय."

ऋजुताने समजावून सांगितले. या हेडलाइटमध्ये एक दिवा नसून हजारो प्रकाशकण होते आणि प्रत्येक कण वेगळा लावता-विझवता येत होता. समोरून गाडी आली की तिच्यापुरते कण विझवायचे आणि बाकीचा रस्ता उजळलेला ठेवायचा, इथपर्यंत जुन्या गाड्यांनाही जमत होते. पण त्यांना फक्त दिवे ओळखता येत. पायी चालणाऱ्याला डोळे असतात, दिवा नसतो, त्यामुळे त्याच्या डोळ्यांत झोत घुसायचा तो घुसायचाच. डोळे दिपले की माणूस काय करतो? तोंड फिरवतो, डोळे मिटतो, हात वर करून पंजा पुढे धरतो. ती त्याची तक्रार असते आणि कुठल्याही भाषेत ती सारखीच असते. ऋजुताने गाडीला ही तक्रार ऐकायला शिकवले होते. या दिव्यांना तिने नाव दिले होते सौजन्यदीप.

"पण मग ड्रायव्हरला तो माणूस दिसणार कसा?"

"ड्रायव्हरला दिसायची गरजच नाही. गाडीला उष्णदृष्टी आहे. अंगाच्या उबेवरून ती माणूस ओळखते आणि त्याला वळसा घालून जाते. ड्रायव्हर झोपला तरी धक्का लागणार नाही."

ड्रायव्हरला वाटले तर त्याने हाताने अप्पर मारण्याची सोय ठेवली आहे का, असे डॉ. सबनीसांनी विचारले. ऋजुता म्हणाली की ती मुद्दाम काढून टाकली आहे. माणसाच्या हातात अप्पर-डिपर दिले की तो समोरच्याला शिवी द्यायलाच वापरतो, हे गेली कित्येक वर्षे आपण बघतोच आहोत. डॉ. सबनीसांना हसू आले. त्यांच्याकडे रात्रीच्या झोताने त्रस्त झालेले रुग्ण रोज येत होते. जाताना त्यांनी ऋजुताची पाठ थोपटली.

पुढे कायदाच झाला. दोन वर्षांत राज्यातल्या चारचाकीपासून ट्रकपर्यंत प्रत्येक वाहनाला सौजन्यदीप लागले. मधल्या काळात ऋजुताने त्यात शेजारस्मृतीची भर घातली. एखाद्या जागी कुणाचे डोळे दिपले की ती गाडी मागून येणाऱ्या आणि समोरून जाणाऱ्या गाड्यांना परस्पर सांगून ठेवी, अगदी घरातली बाळंतीण झोपलीय, हळू बोला, असे पाहुण्याला दारातच सांगावे तसे. याला फोनचे नेटवर्कही लागत नसे. ती जागा यायच्या आधीच पुढच्या गाडीचे दिवे तिथे नम्र होऊन जात. असे सौजन्य दाखवले की ड्रायव्हरसमोर एक हिरवा ठिपका लागे. लोकांना तो फार आवडला. फुकटात सज्जन झाल्याचे समाधान कुणाला नको असते?

रात्रीचे अपघात घटले. दिपल्याच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. ऋजुताला पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत एक निराळा सूर लागला होता. रात्री रस्त्यावर कुणी कुणासाठी थांबत नाही. फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांना बस सोडून जाते. टायर फुटलेल्याला मैलोन् मैल चालत जावे लागते. समाजाची संवेदना बोथट झाल्याबद्दल अग्रलेख आले, एका निवृत्त मुख्याध्यापकांनी संस्कारांवर लेखमाला लिहिली. ऋजुता चहा पिता पिता हे सगळे वाचत असे आणि तिला ते पटतही असे. माणसे बदललीच होती.

तिची धाकटी बहीण मुग्धा माणगावला पशुवैद्य होती. आठवडाभर गाई-म्हशींची बाळंतपणे करायची आणि शुक्रवारी स्कूटरवरून ताम्हिणी घाट चढून ताईकडे पुण्याला यायचे, हा तिचा शिरस्ता. आईवडील गेल्यापासून दोघींना एकमेकींखेरीज कुणी नव्हते, आणि म्हणूनच बहुधा दोघी सतत भांडत. तुझे दिवे माणसांपेक्षा सभ्य आहेत, तुझ्यापेक्षा तर नक्कीच, असे मुग्धा म्हणायची.

डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी अंधार लवकर पडला. 'घाटाला लागतेय. भाकऱ्या मी करीन, तू पिठाला हात लावू नकोस,' असा मुग्धाचा निरोप आला. नंतर काहीच नाही. ती पोचायची वेळ टळून गेली. फोन लागेना. घाटात फोन लागत नाही हे ऋजुताला ठाऊक होते, पण इतका वेळ घाटात राहायचे मुग्धाला काही कारण नव्हते. तिने गाडी काढली.

मुळशी मागे पडली, घाट सुरू झाला. ऋजुताने काच खाली केली आणि दोन्ही कडा न्याहाळत, हाका मारत ती उतरू लागली. सौजन्यदीपांच्या उजेडात दरीच्या बाजूचा कठडा, डोंगरातले झरे, पाट्या, गवताचे तुरे सगळे स्वच्छ दिसत होते. असा उजेड आपण तयार केला याचे तिला त्या काळजीतही बरे वाटले. मधल्या एका अवघड वळणावर हिरवा ठिपका लागला. कुणाचे तरी डोळे वाचले, असे सवयीने तिच्या मनात आले आणि ती पुढे गेली.

घाटाखाली विळ्याला चहाच्या टपरीवर तिने चौकशी केली. टपरीवाला म्हणाला, "डॉक्टरबाई व्हय? चहा घेऊन अंधार पडायच्या येळेलाच वर गेल्या की." म्हणजे मुग्धा वर गेली होती आणि वर पोचली नव्हती. ऋजुताने गाडी उलटी फिरवली.

त्याच वळणावर पुन्हा हिरवा ठिपका लागला.

रस्ता रिकामा होता. समोर गाडी नव्हती, मागे गाडी नव्हती. ऋजुताने ब्रेक दाबला. या ओसाड घाटात एकाच जागी इतका वेळ डोळ्यांपुढे हात धरून कोण उभे राहील? कशासाठी? आणि मग, हात वर करायला माणसाला आणखीही एक कारण असते हे तिला आत्ता आठवले. कॉलेजात असताना नागोठण्याच्या फाट्यावर हाच हात, असाच उघडा पंजा करून तिने शेकडो वेळा एसटी थांबवली होती. दिव्यांच्या चाचणीत रस्त्यावरून चाललेली माणसे मात्र सगळी कंपनीचीच होती. चालून झाले की त्यांना घरी सोडायला गाडी उभी असे. त्यांच्यापैकी कुणालाच गाडी थांबवायची नव्हती.

फोनचा दिवा लावून ती धावत सुटली. कठड्याला टेकून मुग्धा बसली होती. स्कूटर घसरून गटारात गेली होती आणि कठडा आणि स्कूटर यांच्यामध्ये तिचा डावा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत अडकला होता. खाली रक्ताचे थारोळे साचले होते. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता.

"ताई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मघाशी खाली गेलीस ती तूच ना? मी हात केला होता."

ऋजुताने ओढणी काढून मुग्धाच्या मांडीला घट्ट बांधली आणि स्कूटरला हात घातला. बॅटरीची ती अवजड स्कूटर कठड्याच्या दगडात पाचर मारल्यासारखी बसली होती. तिने सगळा जीव लावला. स्कूटर जराशी हलली आणि पुन्हा बसली, मुग्धा कळवळली. आणखी एक माणूस असता तर ती निघाली असती.

"सगळे बघून गेले गं," मुग्धा म्हणाली. "आमच्या डेअरीची दूधगाडीपण गेली. ड्रायव्हरला मी नावाने हाका मारल्या."

"बघून नाही गेले, मुग्धा."

"मग?"

ऋजुताने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. कपाळ गार पडले होते. नेटवर्क मिळेपर्यंत खाली जाऊन अॅम्ब्युलन्स बोलावते, असे ती म्हणाली. मुग्धाने मान हलवली. "तेवढा वेळ नाहीये, ताई. गाय असती तर मी मालकाला खरं तेच सांगितलं असतं."

तेवढ्यात खालून उजेड आला. ऋजुता रस्त्यावर धावली आणि विचार करायच्या आत तिचा हात वर गेला. डोंगर उजळला, झाडे उजळली, तिच्या पायांच्या दोन्ही बाजूंची खडी उजळली, आणि ती स्वतः तिच्याच आकाराच्या काळोखात उभी राहिली. गाडीने अदबीने तिला वळसा घातला. आत बसलेल्याला हिरवा ठिपका दिसला असेल आणि त्याला बरे वाटले असेल. हे सगळे तिने बसवले होते आणि त्यात एकही चूक नव्हती.

तिने आपली गाडी रस्त्यात आडवी लावायचा प्रयत्न केला. वाहतुकीला अडथळा होतोय हे ओळखून गाडी आपण होऊन सरळ झाली आणि कडेला जाऊन थांबली. दिव्याला समोरून दिवा येताना दिसला की तिथे काळोख होणार, म्हणून फोनचा दिवाही उपयोगाचा नव्हता. लांबून तो एखाद्या स्कूटरचा दिवा वाटला असता. मुग्धाजवळची जागा तर आता घाटातल्या प्रत्येक गाडीला पाठ झाली होती. ऋजुता तिथून बरीच वर चालत गेली. पुढचा उजेड दिसला तेव्हा तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट अडकवले. हात वर करायचा नाही. तोंड फिरवायचे नाही. डोळे मिटायचे नाहीत.

झोत तिच्यावर पडला आणि तिच्यावरच राहिला. डोळ्यांतून पाणी आले तरी ती झोतात बघत राहिली. आता ती नखशिखांत दिसत होती. गाडी जवळ आली, वेग थोडा कमी झाला, काचेतून एक माणूस तिच्याकडे बघत होता. ती जिवाच्या आकांताने ओरडली, पण काच बंद होती आणि आत गाणी लागली असावीत. त्याला दिसली ती कडेला गाडी लावून हात पाठीशी बांधून निवांत उभी असलेली एक बाई. घाटात असे बरेच जण थंडीचे चांदणे बघायला थांबतात. त्याने ओळखीचे असावे तसे हसून दोनदा हळूच हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला.

ती गाडीमागे धावली. वळणापर्यंत धावली, मग थांबली. ज्याला मदत हवी तो तिच्या दिव्यांना दाखवता येत नव्हता, आणि जो दाखवता येत होता त्याला मदत हवी आहे असे कुणाला वाटणार नव्हते. तिने तिसरा उपाय शोधायचा प्रयत्न केला. डोके चालेना. ती परत येऊन मुग्धाजवळ बसली. ओढणी भिजली होती. मुग्धाचा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि चोळू लागली.

खालच्या वळणावर पुन्हा उजेड दिसला. या वेळी मोठा होता, ट्रक असावा. आत दोन माणसे तरी असणार.

मुग्धाने डोळे उघडले. उजेड तिलाही दिसला होता. तिने ऋजुताच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि तिला रस्त्याकडे हळूच ढकलले.

"जा ना, ताई," ती म्हणाली. "हात कर."